बाराव्या फ्रेटवरचं बोट

शिरीष मेश्राम एका जागी बसेल याची खात्री त्याच्या डार्विनच्या घरात कुणीच देत नसे, पण फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात त्याने कमालच केली. साडेतीनला शिफ्ट संपवून घरी यायचा, बूट काढायच्या आधी बेस गिटार उचलायचा आणि मग व्हरांडा ते बैठकीची खोली, बैठकीची खोली ते व्हरांडा अशा त्याच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. हातात स्क्रूड्रायव्हर, खिशात सूर तपासायचा ट्यूनर. बायको भावना शेवटी म्हणाली की घरात एवढं चालण्यापेक्षा बीचवर जाऊन चाल, निदान व्यायाम तरी होईल. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे, येरझाऱ्या चालूच राहिल्या.

कारण सगळ्या घराला ठाऊक होतं. मुलगी निहारिका शनिवारी सकाळच्या विमानाने मेलबर्नला चालली होती, तिथल्या क्लेटन भागातल्या युनिव्हर्सिटीत शिकायला, आणि बेसचा सूर लागत नव्हता. शुक्रवारपर्यंत जमलं तर ती तो सोबत नेणार होती. नाही जमलं तर राहू दे इथेच, तिकडे कुणाचा तरी मिळेल, असं तिने सोमवारी सांगून टाकलं. तिने ते सहज म्हटलं होतं, शिरीषला ते सहज घेता आलं नाही. त्या दोघांना एका खोलीत तासभर बसवणारी तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. ती मागे राहिली, तर फोनवर ‘जेवलीस का’ याच्यापुढे आपल्याकडे बोलायला काय उरणार, याची त्याला खरोखर भीती वाटत होती.

बेस दोघांचा होता. चार वर्षांपूर्वी आर्मीतला एक शेजारी बदली होऊन टाउन्सव्हिलला निघाला, तेव्हा त्याच्या गराज सेलमध्ये, जुन्या सामानाच्या विक्रीत, शिरीषला तो दिसला आणि वीस वर्षांनी त्याची बोटं शिवशिवली. नागपूरला, इंदोऱ्यातल्या ऑर्केस्ट्रात, तो जयंतीच्या कार्यक्रमांना बेस वाजवायचा. तिथला बेस कुणीतरी हौसेने सुताराकडून करून घेतलेला. तारा फळीपासून बोटभर उंच, जीव खाऊन दाबल्याशिवाय सूर निघायचा नाही. शेजारी दोन ढोलक्या आणि कानाशी भोंगा, त्यामुळे आपण काय वाजवतोय ते आपल्यालाच ऐकू येत नसे. म्हणून आणखी जोर. एप्रिलभर गल्लोगल्ली वाजवायचं आणि मे महिन्यात बोटांची सालं सोलत बसायचं. पुढे नोकरी, लग्न, मुंबई, व्हिसा, डार्विन. वाजवणं सुटलं. डार्विनच्या घरात ते पुन्हा सुरू झालं आणि चौदा वर्षांच्या निहारिकेने एके दिवशी म्हटलं, “कॅन आय ट्राय?” तेव्हापासून एक बेस आणि तो गळ्यात अडकवायचे दोन पट्टे, त्याचा लांब, तिचा आखूड.

नोकरीने तो हॉस्पिटलमधला बायोमेडिकल टेक्निशियन. सलाइनचे पंप आणि बीपीची मशिनं तपासून, दुरुस्त करून, त्यांच्यावर सहीचं स्टिकर लावायचं हे त्याचं काम. आकड्यावर त्याचा विश्वास होता, माणसाच्या ‘मला वाटतं’वर कमी. नर्सबाई म्हणाल्या पंप बिघडलाय, तर हा पहिल्यांदा म्हणणार, “दे इकडे.” घरीही त्याचं तसंच.

आता या बेसचं दुखणं असं, की मोकळ्या तारा जुळवल्या तरी दांडीवर वरच्या सुरांकडे गेलं की सूर घसरायचा. त्यावर उपाय असतो. दांडीवर धातूच्या आडव्या रेघा असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून एक सूर काढायचा, मग तिथेच तार दाबून दुसरा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. नाही जुळले, तर खालच्या ब्रिजवर प्रत्येक तारेची एक छोटी घोडी असते, ती स्क्रूने इंचभरही नाही, केसभर मागेपुढे सरकवायची, तार पुन्हा जुळवायची, पुन्हा तपासायचं. चार तारा, चार घोड्या. काम तासाभराचं.

शिरीषने ते सोमवारी केलं. ट्यूनरवर चारही वेळा सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागला. निहारिकेने दहा मिनिटं वाजवून पाहिलं आणि नाक मुरडलं. “इट्स फ्लॅट, बाबा. वरती गेलं की सूर उतरतोय.”

“दे इकडे,” तो म्हणाला. तपासलं. हिरवा दिवा.

मंगळवारी त्याने हवेला दोष दिला. वेट सीझनमध्ये, म्हणजे पावसाळ्यात, डार्विनला चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते, तिथे बेसची लाकडी मान, म्हणजे ती दांडी, काय सरळ राहणार? त्याने मान सरळ केली, एसी लावून खोली बंद केली आणि भावनाला दार उघडायची बंदी घातली. बुधवारी त्याला वाटलं, एसीनेच घात केला. सगळं व्हरांड्यात मांडलं आणि घामाने निथळत पुन्हा केलं. दोन्ही दिवशी ट्यूनर खूश, मुलगी नाराज. दोन्ही दिवशी त्याने तिच्या हातून बेस घेतला, तपासला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचे कानच बिघडलेत.

गुरुवारी तो जुन्या तारांवर घसरला आणि त्याच दमात मुलीवरही. नव्या तारा चढवता चढवता म्हणाला की पहिलं वर्ष इथल्या युनिला काढलंस तर काय बिघडतं, मेलबर्न पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. हे त्याने महिन्याभरात चौथ्यांदा म्हटलं होतं. निहारिका बॅग भरत होती. तिने हातातले कपडे खाली ठेवले. आपली सीट पक्की झालीये, खोली पक्की झालीये, आणि आपण काहीही बोललो की त्याला ते तपासूनच पाहायचं असतं, मग सुरांचं असो नाहीतर आयुष्याचं, हे तिने मराठी-इंग्लिशमध्ये एका दमात सुनावलं. मग म्हणाली की बेस ठेव तू, मला नकोय. शिरीषने मान खाली घालून पुढची तार ओढली. तेवढ्यात नव्या तारेचं कापलेलं टोक त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटात कचकन घुसलं. जखम फार मोठी नव्हती, पण रक्त चांगलंच आलं. भावनाने पट्टी बांधताना एवढंच विचारलं की हे सगळं बेससाठी चाललंय का. त्यावर तो रडवेला झाला आणि उठून गाडी धुवायला गेला.

शुक्रवारी तो शिफ्टवरून लवकर आला. विमानाला अजून पंधरा-सोळा तास होते आणि त्याच्याने राहवेना. नव्या तारा आता ताणून स्थिरावल्या होत्या, पण पट्टीच्या बोटाने तार दाबता येत नव्हती आणि दुसऱ्या बोटाला ती सवय नव्हती. दोनदा घसरल्यावर त्याने निहारिकेच्या दारावर टकटक केली. कालचा विषय न काढता म्हणाला की तू फक्त दाब, मी स्क्रू बघतो. ती आली. अजून रागातच होती, पण आली.

तिने बेस मांडीवर घेतला, बाराव्या फ्रेटवर बोट टेकवून सूर काढला, मग तार दाबली. ट्यूनरचा काटा डावीकडे गेला. फ्लॅट.

“नीट दाब,” शिरीष म्हणाला.

तिने जोर लावला. काटा सरकत सरकत मध्यावर आला आणि हिरवा दिवा लागला. शिरीष खूश होऊन उठणार, तोच ती म्हणाली, “पण एवढं मी कधीच दाबत नाही, बाबा.”

तिने पुन्हा तिच्या पद्धतीने दाबून दाखवलं. पेन धरावं इतक्याच जोराने. काटा पुन्हा डावीकडे. शिरीष ते बोट बघत राहिला. पाच दिवस ती जे सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. जोरात दाबलं की तार ताणली जाते, सूर चढतो. तो चढलेला सूर उतरवायला त्याने चारही घोड्या मागे नेऊन ठेवल्या होत्या. त्याच्या बोटासाठी. बेस बिघडलेला नव्हता, हवा बिघडलेली नव्हती. त्याने प्रत्येक वेळी तो तिच्या हातून काढून घेतला होता आणि इंदोऱ्याच्या हाताने तपासला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आधी हसूच आलं.

“सॉरी, निहा,” तो म्हणाला. हा शब्द त्याच्याकडून क्वचित निघायचा, त्यामुळे ती गोंधळली.

मग तो जमिनीवर मांडी घालून बसला. ती दाबायची आणि सांगायची, तो स्क्रू फिरवायचा. अजून फ्लॅट. अजून थोडं. नाही, जास्त झालं. एका तारेला ट्यूनर हिरवा असताना ती ‘अजून किंचित’ म्हणाली. त्याचं तोंड उघडलं, पण त्याने ते मिटून स्क्रू फिरवला. चारही तारा झाल्यावर तिने अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि खालपासून वरपर्यंत वाजवत गेली. कुठेही घसरलं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की बेस मेलबर्नला जाणार.

तिने आग्रह केला म्हणून त्याने अंगठ्याशेजारच्या बोटाने एकदा वाजवून पाहिलं. दाबताक्षणी सूर चढला. वरच्या फ्रेटवर तर ऐकवेना. चार वर्षं जो बेस त्याच्या हाताखाली बोलत होता, तो आता त्याचा राहिला नव्हता. निहारिकेच्याही ते लक्षात आलं.

“मधे कुठेतरी सेट करू या का? म्हणजे सुट्टीत आले की तूपण वाजवशील.”

“नको. मधे ठेवला तर तुझ्याही हातात चुकेल आणि माझ्याही.” त्याने बेस तिला परत दिला. डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. “आणि ऐक. तिकडची हवा कोरडी, मान हलणार, हे सगळं परत करावं लागेल. तेव्हा कुणी कितीही हुशार असला आणि दे इकडे म्हणाला, तरी द्यायचा नाही. बोट तुझंच पाहिजे.”

“तुलापण नाही?”

“मलापण नाही,” तो म्हणाला, आणि बेसची पेटी उघडून तिच्यापुढे धरली. बेस तिने स्वतःच आत ठेवला.