कुंडमचं शेकरू आणि सत्काराची शाल

विज्ञानाच्या इतिहासात असे क्षण येतात, की मानवजात श्वास रोखून उभी राहते. असा एक क्षण मी जबलपूरजवळच्या कुंडमच्या जंगलात पाहिला. मानवजात म्हणजे आम्ही तिघं होतो आणि श्वास चढामुळे रोखला गेला होता.

जबलपूरला उतरलो तो वसंतमामांच्या सत्कारासाठी. मामा तिथल्या गढा भागात राहतात. प्राणिशास्त्राचे निवृत्त मास्तर. कुंडमचं शेकरू ही वेगळी जात आहे, असं ते वीस वर्षं सांगत होते आणि लोक ऐकून घेऊन चहा मागवत होते. आता तज्ज्ञांनी ते मान्य केलं. सत्कारात चार भाषणं झाली, शाल मिळाली, खारीचं पितळी मानचिन्ह मिळालं. मामांनी त्यावर बोट फिरवलं.

"अरे, पाच पट्टे! ही तर पेरूवरची साधी खार. मला काहून देऊन राहिले?"

"चलो, गप बसा," मामी म्हणाल्या. "फोटो काढून राहिले ते."

पुढच्या आठवड्यात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर जंगल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामांना ते शेकरू शेवटचं एकदा पाहायचं होतं आणि फूलबाईंना बातमी स्वतः सांगायची होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच खोवा-जलेबी (खव्याची, जवळजवळ काळी) खाऊन आम्ही दोघं निघालो.

फूलबाई सातपुड्यातून लग्न होऊन कुंडमला आलेल्या. 'माझ्या माहेरचं शेकरू असं ओरडत नाही,' हे मामांना पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या मोहाची फुलं वेचत होत्या.

"अच्छा, अब मान गए?" बातमी ऐकून त्या म्हणाल्या. "हम तो कब से कह रहे, मास्साब." (मास्तरसाहेब.)

त्यांच्यामागून टेकडी चढलो. घरट्याखाली दोन तास बसलो. काहीच हललं नाही. मामा गुडघा धरून उठू लागले.

"बैठे रहो," फूलबाई म्हणाल्या. "सम्मान तुम्हारा हुआ है, उसका नहीं. काहे दौड़ी आएगी?"

मामा बसले. थोड्या वेळानं फांदीवरून एक लांब शेपूट खाली लोंबलं. मामांनी दुर्बीण उचललीच नाही. डोळे पुसत राहिले. मग पिशवीतून शाल काढून त्यांनी फूलबाईंच्या खांद्यावर घातली. इतका नेटका सत्कार मी पाहिलेला नाही. भाषणच नव्हतं. तो पाहायला मिळाला, याबद्दल मी त्या दोघांचा ऋणी आहे.

पुण्याला परतल्यावर मामांचा फोन आला. गुडघा ठीक आहे. फूलबाईंनी शाल मोहाखाली अंथरली आहे. फुलांना माती लागत नाही. शालीवर रोज सकाळी एक खार येऊन बसते. साधी, पाच पट्ट्यांची.