सत्कारमूर्ती सोडून सगळं घेतलं

आमच्या घरात कधीही काहीही न विसरणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे मी.

हे मी माझ्या नणंदेलाही ऐकवायचे. वन्सं न्यूरोफार्माकॉलॉजीतल्या शास्त्रज्ञ, म्हणजे मेंदूवरच्या औषधांच्या. (मी तो शब्द एका दमात म्हणते. माझा नवरा सुधीर त्यांचा सख्खा भाऊ असून अजून अडखळतो!) आठवण मेंदूत टिकते कशी आणि औषधाने ती सुधारते का, हे त्यांनी बंगळूरला जन्मभर उंदरांवर तपासलं. निवृत्त होऊन आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला राहायला आल्या, तेव्हा मीच आमच्या महिला मंडळाच्या मागे लागून बाळकुमच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरवला.

"मीना, शाल-नारळ राहू दे गं," वन्सं म्हणाल्या. "शिल्पा बोलणार असेल तर येते."

शिल्पा त्यांची पहिली विद्यार्थिनी. डोंबिवलीची पोरगी, आता जर्मनीत प्राध्यापक. ती तिकडून पडद्यावर बोलणार होती, पण लगेच नंतर तिला तिथे वर्ग होता. म्हणजे उशीर करून चालणार नव्हतं.

मी कंबर कसली. शाल, नारळ, पेढे, समई, तेल, वाती, काडेपेटी! वन्सं फोन विसरतील म्हणून तोही मीच पर्समध्ये टाकला. गॅस बंद, गीझर बंद. कुलूप ओढून पाहिलं, जिना उतरले, परत चढून पुन्हा ओढून पाहिलं. सुधीर प्रोजेक्टर घेऊन गाडीने पुढे गेलेला. मी शेजारच्या कर्णिक काकूंना घेऊन रिक्षाने.

हॉलच्या दारात सुधीर म्हणाला, "ताई कुठाय?"

"म्हणजे? तुझ्या गाडीत ना?"

"माझ्या गाडीत प्रोजेक्टर होता."

आणि तिकडे घरी मागच्या खोलीचं दार लावून वन्सं शांतपणे वाचत बसल्या होत्या. बाहेरून मी कुलूप घातलेल्या घरात!

"अगं, फोन लाव!"

लावला. माझी पर्स वाजली.

"काकूंकडे आपली जादा किल्ली असते ना?"

असते. काकूंच्या घरी! आणि काकू पहिल्या रांगेत पेढा खात होत्या. सुधीरने त्यांना पेढ्यासकट गाडीत बसवलं आणि सुसाट सुटला.

इकडे पडद्यावर शिल्पा उगवली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझ्या हातात माइक कोंबला. "बोल काहीतरी!"

"मॅडम निघाल्यात," मी म्हणाले. "वागळे इस्टेटला ट्रॅफिकमध्ये अडकल्यात."

"वर्तकनगरहून बाळकुमला यायला वागळे इस्टेट कशाला?" मागून एक आजोबा. (ठाणेकरांना रस्त्यांच्या बाबतीत थाप मारू नये.)

"त्या... हार आणायला गेल्यात."

"स्वतःच्याच सत्काराचा?"

"मला फार वेळ नाहीये, मी सुरू करते," शिल्पा म्हणाली. "मॅडमनी एका औषधावर कित्येक वर्षं घालवली. उंदरांची स्मरणशक्ती त्याने वाढेल असं वाटत होतं. नाही वाढली. आम्ही म्हटलं, गप्प बसू या. मॅडम म्हणाल्या, फसलंय तेच आधी छापा, म्हणजे दुसऱ्या कुणाची वर्षं वाया जायची नाहीत. आज त्यांचे विद्यार्थी जगभर आहेत, आणि आमच्या कुणाच्याही प्रयोगशाळेत फसलेलं कुणी लपवत नाही."

माझ्या हातातला माइक वरवंट्याएवढा जड झाला.

तेवढ्यात पडदा दुभंगला आणि शिल्पाच्या शेजारी वन्सं! अंगावर नवी रेशमी साडी, मागे आमचा फ्रिज.

"सगळं ऐकलं गं शिल्पा. तू पाठवलेल्या लिंकवरून मघाशीच आले लॅपटॉपवर. मी घरीच आहे, मीनाने बाहेरून कुलूप लावलंय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "मीना, वागळे इस्टेटला हार कसे मिळाले गं मला?"

आता काय लपवणार? "वन्सं, मी तुम्हालाच विसरले!" मी माइकवर सांगून टाकलं. हॉलमध्ये हशा पिकला. शिल्पा हसता हसता वर्गाला उशिरा गेली. नेमका तेव्हाच पडद्यावर फ्रिजमागून सुधीर किल्ली नाचवत आला, तर लोकांनी टाळ्या त्यालाच दिल्या!

हल्ली वन्सं कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजांत व्याख्यानं देतात. सुरुवातीलाच पडद्यावर आमच्या कुलपाचा फोटो येतो. बारीकसारीक सगळं लक्षात ठेवायच्या नादात मुख्य गोष्ट कशी निसटते, त्याचं उदाहरण. नाव त्या सांगत नाहीत. पण पहिल्या रांगेत मी असते, आणि त्या माझ्याकडे बघून हसतात.

असो. उंदरांनंतर वन्संच्या व्याख्यानात जागा मिळवणारा प्राणी मीच!