ओझ्याखालचा आकडा

दादाचा गाळा होता त्या पूर्ण्याहून फोन आला तेव्हा मी कामतघरच्या आमच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. दादाच्या शेजारच्या गाळ्यातले पाटीलकाका बोलत होते. "ताई, लगेच ये. श्रीकांत गाडीतली बॅटरी उतरवत व्हता, तो खालीच बसलाय. घाम सुटलाय, उठत न्हाय." मला आधी काळजी वाटली असं लिहायला बरं दिसेल, पण मला संताप आला. सांगितलं होतं ना तुला… रिक्षात मी त्याला मनातल्या मनात शिव्याच घालत होते. त्याला जाऊन महिना होत आला, शिव्या अजून संपलेल्या नाहीत.

माझा थोरला भाऊ श्रीकांत हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. अशा बॅटरीत पुष्कळ सेल रांगेने जोडलेले असतात. त्यातला एक कमजोर झाला की सगळी रांग मार खाते. तो एक शोधून त्याच्या जागी दुसरा लावणं हा दादाचा धंदा. मीटर लावला तर सगळ्या सेलचे आकडे सारखेच दिसत. मग तो हेडलाइटचा एक जुना बल्ब, दोन वायरी आणि चिमटे लावलेला, एकेका सेलला जोडायचा. बल्ब पेटला की सेलवर ओझं यायचं आणि कमजोर असेल त्याचा आकडा धपकन पडायचा. एकदा एक टॅक्सीवाला म्हणाला, "उस्ताद, सब तो एक जैसा दिखा रहा है." दादाने मान वर न करता सुनावलं, "बैठे बैठे तो मुर्दा भी तंदुरुस्त दिखता है." त्याच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकं तरी यायची, कारण गाडी चालायची.

माणसांनाही तो हाच बल्ब लावायचा. मला बघायला एक जण आला होता, पोस्टात नोकरीला, बोलायला गोड. दादा तेव्हा ट्रकच्या बॅटऱ्या करत असे. त्याने त्याला गाळ्यात नेलं, "जरा धरा हो" म्हणत भली जड बॅटरी त्याच्या हातात दिली आणि घरच्यांची चौकशी सुरू केली. बिचाऱ्याने काही वेळाने ती खाली ठेवली, पँट झटकली आणि मध्यस्थाकडून नकार कळवला. "बसून बोलताना सगळेच चांगले," दादा म्हणाला, "ओझं आलं आणि आकडा पडला." मला तो माणूस आवडला होता. अजूनही कधीतरी मंडईत दिसतो, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन, बायकोच्या मागून. चांगला ताठ चालतो.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला दादा माझा जिना चढताना मध्येच थांबला. कठडा धरला, छातीवर हात ठेवला. मी दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "हा आडवं पडून काढलाय. ठाण्याला जाऊन पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणी करून घ्या." बाहेर आल्यावर दादा ती कागदाची पट्टी माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाला, "आलाय ना चांगला? मग चांगल्या मालाला कशाला छळायचं?"

"दादा, हे तुझ्या गाळ्यात कोणी म्हटलं असतं तर?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "आणि आकडा पडला तर, मास्तरीणबाई? माझ्या जागी दुसरा कुठून आणून लावणार?" तेव्हा कळलं, तो घाबरला होता. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना ओझ्याखाली धरून पारखलं, तो स्वतःची वेळ आल्यावर पळाला. भित्रा होता माझा भाऊ. मेला म्हणून मी हे खोडणार नाही.

फोन आला त्या दिवशी ठाण्याला नेताना अँब्युलन्स वाटेत कशेळीला अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, भोंगा वाजून वाजून दमला. दादाची नजर डोक्याजवळच्या मॉनिटरवर होती. "बघ," तो म्हणाला, "आता खरा आकडा दिसतोय…" मी ओरडले, "गप्प बस!" तो गप्प बसला. जन्मात माझं तेवढं एकच ऐकलं त्याने.

घरी आणल्यावर जो तो म्हणत होता, शांत झोपल्यासारखा दिसतोय. टॅक्सीवाल्याला दिलेलं उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वहिनी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "रिपोर्ट तर चांगला होता हो."

दादाचा ईसीजी काढला त्या दिवशी डॉक्टरांनी मलाही बजावलं होतं: सख्खी भावंडं आहात, तुम्हीही तपासणी करून घ्या. परवा वहिनी गाळा रिकामा करून परस्पर माझ्याकडे आली. जिना चढून आल्याने धापा टाकत होती. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "ताई, ठाण्याला कधी जाताय?"

"परीक्षा संपू दे गं. आणि मला झालंय काय? बसल्या जागी अगदी ठणठणीत आहे मी."

वहिनीने पिशवीतून दादाचा बल्ब काढला, वायरी चिमट्यांसकट नीट गुंडाळून माझ्या कपाशेजारी ठेवला आणि चहा न घेताच खाली उतरली. बल्ब अजून तिथेच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.