आजीने डोलवलेला रिषभ

शैलाताईंच्या गाण्याबद्दल टार्निट या परदेशी उपनगरातल्या मराठी घरांत दुमत नव्हतं. खुद्द शैलाताईंचं तर मुळीच नव्हतं. पुण्यात पस्तीस वर्षं हिंदुस्थानी गाणं शिकवून त्या लेकीकडे राहायला आल्या, आणि पाहतात तर सख्खी नात ओवी कर्नाटक संगीताच्या क्लासला! का, तर क्लासच्या यामिनी मॅडम दोन रस्ते सोडून राहतात आणि मैत्रिणीही तिथेच जातात. घरची गंगा सोडून हे कसलं पाणी, असं ताईंना वाटलंच.

त्या क्लासमध्ये मुलांची सुरुवात मायामाळवगौळाने होते. दक्षिणेकडे बहात्तर मूळ स्वरमाळा, त्यांतली ही एक. ताईंनी एकदा ऐकली आणि खूश झाल्या. "अगं, हा तर आपला भैरव!" सूर खरोखर तेच होते. मग काय, ताईंना रान मोकळं. भैरवात कोमल रिषभ आणि धैवत डोलवायचे असतात, म्हणून रोज शाळा सुटल्यावर त्यांनी ओवीकडून ते डोलवून घेतले.

क्लासमधले पहिले धडे मात्र सरळ सुरांत म्हणायचे असतात. तेही आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट लयीत. चौपटीत डोलायला सवड कुठली?

वार्षिक कार्यक्रमात एकटीने गायचा मान ओवीला मिळाला होता. शनिवारच्या तालमीत ती पहिल्या लयीत झोकात डोलली, दुसरीत तिची धावपळ झाली आणि तिसरीत ती रिषभावरच अडकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच.

"प्रॅक्टिस नाही झाली ना? नो वरीज. दिस इयर यू सिंग विथ द ग्रुप," मॅडम म्हणाल्या.

ओवीचे डोळे भरले, पण तिने आजीचं नाव घेतलं नाही. तालीम ऐकायला पालकांत बसलेल्या ताईंना ते फार झोंबलं. सगळ्या पालकांदेखत त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, गलती मेरी है. बच्ची ने वही गाया जो मैंने सिखाया."

"तो आप गाइए, आंटी. थ्री स्पीड्स."

ताई कचरल्या नाहीत. ऐटीत बसून गायल्या आणि चौपटीत नातीसारख्याच रिषभावर आपटल्या. मुलं खिदळली.

"आजी, डोन्ट शेक इट. जस्ट गो!" ओवी म्हणाली. हाताने ताल धरत तिने सूर लावला, ताई मागोमाग. दुपटीपर्यंत दोघी बरोबर होत्या. चौपटीत ताई मागे पडल्या, थांबल्या. ओवी एकटी न अडखळता वर चढली आणि उतरूनही आली.

"ओवी सिंग्ज अलोन," मॅडम हसून म्हणाल्या. "और आंटी, आपका बिगिनर्स बॅच. सॅटर्डे, नौ बजे."

"मैं साढ़े आठ को आऊंगी," शैलाताई म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत, मुलांमध्ये, मांडी घालून बसल्या.