साठ नंबरची वेज

बिरदेवला नारळ दिला तर तो आधी कानाशी नेऊन हलवतो. दूध केंद्रावर माप झालं की काट्यासमोर वाकून आकडा स्वतः वाचतो. मी एकदा विचारलं, "बायकोने चहा दिला तरी साखर तपासतोस का रे?"

"तपासतो की, तात्या. तिच्यावर विश्वास हाय, डब्यावर न्हाय."

मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला हा माणूस तरुणपणी पुण्याला गेला आणि बावीस वर्षं गोल्फच्या मैदानावर कॅडी होता. खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालायचा. झुडपात गेलेला चेंडू बुटाने हळूच बाहेर सरकवणारे मोठमोठे लोक त्याने पाहिले. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो भवानीनगरजवळच्या आपल्या रानात परतला, तर रोपवाटिकेने ८६०३२ जातीचा म्हणून दिलेला ऊस निघाला २६५ जातीचा. तेव्हापासून कुठल्याच नंबरावर त्याचा भरवसा उरला नाही.

पुण्याहून येताना त्याने एकच गोष्ट आणली, तो खेळ. घरामागच्या माळावर मुलगी रोहिणी तो शिकली. सतरा वर्षांच्या त्या पोरीचा लांबचा फटका पाहावा! अडायचं शेवटच्या पन्नास पावलांत. चेंडू उंच उचलून झेंड्याजवळ अलगद पाडायला तिरक्या पात्याची काठी लागते, तिला वेज म्हणतात. ती तिच्याकडे नव्हती. आणि रविवारी पुण्यात तिच्या वयोगटातल्या मुलींच्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी ती त्या वयात बसणार नव्हती.

गुरुवारी बारामतीचा दिग्विजय आला. बांधकामाचे ठेके घेणारा, हौशी खेळाडू. त्याने दोन वेज ओट्यावर ठेवल्या. "रोहिणी, यातली आवडेल ती तुझी. पैसे नकोत." हसला आणि गाडीत बसून गेला.

मी तिथेच बसलो होतो. नाटक कंपनीत बत्तीस वर्षं मी खलनायकच केले. असलं हसू मी स्वतः आरशासमोर बसून चढवलेलं आहे. बिरदेवकडे पाहिलं, तर त्याची भुवई माझ्याआधीच वर गेलेली.

एका वेजवर ५६ कोरलेलं, दुसरीवर ६०. हा आकडा पात्याच्या तिरकेपणाचा. आकडा मोठा, तितका चेंडू उंच. रोहिणीचा हात साठवर गेला. बिरदेवने दोन्ही शहाबादी फरशीवर शेजारी टेकवल्या आणि गाल जमिनीला लावून पाहिलं.

"तात्या, हितं या. दोगींचा उतार सारकाच दिसतोय."

रोहिणीच्या कंपासपेटीतलं कोनमापक आलं. एक छप्पन्न. दुसरीही छप्पन्न.

"बघा! दोनशे पासष्टच निघालं!"

त्याने तिथूनच दिग्विजयला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडे दिग्विजयने आवाज खाली आणला.

"बिरदेवमामा, कुणाला सांगू नका. साठची मला मारताच येईना. चेंडू वर जायचा आणि माझ्याच पुढ्यात पडायचा. मित्र हसायचे. म्हणून दुकानात नेऊन गुपचूप वाकवून घेतली. आकडा तसाच ठेवला. पिशवीत साठ दिसली की जरा बरं वाटतं हो."

बिरदेवने फोनवर हात ठेवला. "खरं बोलतोय का, तात्या?"

"खरं बोलतोय. लबाड माणूस स्वतःचं हसं करून घेत नाही."

बिरदेवचा निकाल ठरला होता: खऱ्या नंबराची छप्पन्नच घ्यायची. पण माळावर रोहिणीने दोन्ही मारून पाहिल्या, तर भलतंच घडलं. त्या छप्पन्नचं तळाचं पोट जाड, वाळूतून मारण्यासाठी केलेलं. उन्हाने भाजलेल्या जमिनीवर ते आपटून उसळायचं, पात्याची धार चेंडूच्या मध्यावर बसायची आणि चेंडू सशासारखा कुंपणापलीकडे पळायचा. वाकवलेल्या साठचं पोट मात्र वाकवण्यातच चपटं झालं होतं. ती जमिनीलगत सरकली, चेंडू उचलला गेला, पडला आणि थांबला.

"आबा, हीच."

"अगं, खोट्या नंबराची काठी घिऊन निवडीला जायचं?"

मी म्हणालो, "बिरदेव, माझी तलवार पत्र्याची असायची. पण हाताला अशी बसायची की समोरचा दोन पावलं मागे सरायचा."

"पर शेवटी मरायचा तुमीच की, तात्या!"

वाकवलेली काठी नियमात बसते का, हे त्याने आयोजकांना दोनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा मला आवाज बदलून विचारायला लावलं. बसते, म्हणाले.

रविवारी पिशवी त्याच्याच खांद्यावर होती. शेवटच्या झेंड्याअलीकडे चेंडू उघड्या, टणक जागेत थांबला. बिरदेवने शेजारची जमीन टाचेने दाबून पाहिली, वेजचा तळ पंच्याने पुसला आणि मगच ती रोहिणीच्या हातात दिली. चेंडू चढला, उतरला, झेंड्यापासून दोन हातांवर निजला. मी टाळ्या वाजवल्या. बिरदेव इतर मुलींचे फटके मोजत होता.

दुपारी यादी लागली. सहा नावं, चौथं नुसतंच 'रोहिणी'. पोरीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. बिरदेव मात्र नावाखाली बोट धरून उभा.

"सायेब," तो आयोजकांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "ही रोहिणी कुणाची? बापाचं नाव लिवा की फुडं."

त्या भल्या माणसाने पेन काढलं आणि लिहिलं. बिरदेवने ते नाव दोनदा वाचलं, आणि मग कुठे तो खाली पायरीवर बसला.