अकोल्याचा अल्टरनेटर

पुण्याहून निघतानाच करार झाला होता. गाडी वाटेत बंद पडली, तर या सफरीनंतर ती विकायची. अट माझ्या बायकोची, शैलाची. मी ती मोठ्या तोऱ्यात कबूल केली. गाडी पन्नासच्या दशकातली, विलायती, गोल डोळ्यांची आणि मागून फुगीर. दर रविवारी तिच्या बॉनेटखाली डोकं खुपसून बसणं हा माझा छंद. शैला त्याला व्यसन म्हणते. तिच्या भावाच्या मुलीचा मोर्शीला साखरपुडा होता आणि मी हट्टाने ही गाडी काढली.

मुक्काम करत करत खामगाव मागे टाकलं आणि जमीन काळीभोर झाली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधूनमधून तुरीचे पट्टे. शैला मोर्शीची. पुण्यात ती अगदी पेठेतल्यासारखं बोलते, पण इथे तिची जीभ आपोआप सैल झाली. “काय वावरं (शेतं) हायेत पाहा,” ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या दुसऱ्या शैलाशी माझी ओळख बेताचीच आहे.

बाळापूरच्या पुढे चार्जिंगचा लाल दिवा लागला. जुन्या गाडीत बॅटरी भरायला डायनॅमो असतो. तो थकला की बॅटरीत असेल नसेल तेवढ्यावर गाडी चालते. मी गाडी तशीच पुढे रेटली. अकोला नजरेच्या टप्प्यात आलं आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. शैलाने शांतपणे पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायली आणि म्हणाली, “करार आठवतो ना?”

एक ट्रॅक्टरवाला थांबला. गाडी कुठली, असं त्याने विचारलं. पुण्याची, म्हणालो. “पुण्याहून ढकलत आनली का, काका?” असं म्हणून त्याने दोर बांधला आणि आम्हाला ओढत गफ्फारभाईंच्या गॅरेजवर नेऊन सोडलं. नाव सांगायलाही तो थांबला नाही.

गफ्फारभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी डायनॅमो उघडून हुंगला. “हा गेला, साहेब. याचं सामान आता भेटत नाई. नव्या जमान्याचा अल्टरनेटर बसवू. दिवे बी चांगले लागतीन.”

आजोबांना जीन्स घालायला सांगितल्यासारखं मला वाटलं. पण साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मी मान हलवली.

भंगार बाजारातून त्यांनी छोट्या व्हॅनचा एक चांगला अल्टरनेटर आणवला. तो इंजिनाला बसेना, कारण जागा डायनॅमोच्या मापाची. शेजारच्या लोहाराने मोडक्या वखराची पास (जमीन कुळवण्याचं लोखंडी पातं) तापवून तिची पकड बनवली. मग गफ्फारभाईंनी दोन पुल्यांवरून सुतळी ताणली आणि पट्टा सरळ बसेल अशी जागा धरली. तोवर आम्हाला बाकावर बसवून आलुबोंडे आणि तळलेल्या मिरच्या आल्या. मिरचीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि शैलाच्या चेहऱ्यावर माहेर.

खातानाच मी त्यांना सांगितलं होतं, की या गाडीत बॅटरीची प्लस तार बॉडीला आहे, हल्लीच्या गाड्यांच्या उलट. अल्टरनेटरला ते चालत नाही, आधी जोडणी फिरवावी लागेल. “बराबर,” ते म्हणाले होते. पण नट आवळून झाले आणि त्यांनी तारा जुन्या होत्या तशाच बॅटरीवर चढवल्या. फस्स झालं, धुराची एक रेघ निघाली आणि जळका वास सुटला.

त्यांनी तार ओढून काढली. “तुमी सांगतलं होतं, साहेब. मी आयकलं बी होतं. हाताले ध्यान राहिलं नाई.”

दुसरा अल्टरनेटर बाजारात उद्याशिवाय मिळणार नव्हता. “आम्ही एसटीनं जातो, गाडी राहू द्या,” मी म्हणालो. करार तर मी हरलोच होतो. गफ्फारभाईंनी दुकानासमोर धुऊनपुसून उभ्या असलेल्या स्वतःच्या व्हॅनकडे पाहिलं आणि पान्हा उचलला.

“भाऊ, तुमाले गाडी लागत असन न?” शैलाने विचारलं.

“अंजनगावले बहिनीकडे जायचं होतं. जाईन ना एसटीनं. तुमच्या घरी कार्य हाय, ताई. माझ्या हातानं जळलं, तर मीच देईन.”

आम्ही दोघांनी परोपरीने नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. आपल्या व्हॅनचा अल्टरनेटर काढून आमच्या गाडीला बसवला. या वेळी बॅटरी फिरवली, चार्जिंग दाखवणाऱ्या काट्याच्या आणि कॉईलच्या तारा बदलल्या, आणि प्रत्येक तार जोडण्याआधी माझ्याकडे पाहून विचारलं. इंजिन सुरू झालं, काटा उजवीकडे सरकला. मी त्यांचे तेलकट हात धरले.

मूर्तिजापूर सोडलं तेव्हा दिवस मावळत होता. दिवे लावले तर समोरचा रस्ता लख्ख दिसला. इतक्या वर्षांत या गाडीने मला एवढं कधी दाखवलं नव्हतं. अमरावतीत दह्यातला गिला वडा खाऊन मुक्काम केला आणि सकाळी वेळेत मोर्शी गाठली.

साखरपुडा थाटात झाला. तिथेच मेव्हण्याने गिऱ्हाईक आणलं, संत्र्यांचे एक व्यापारी. त्यांना गाडी फार आवडली. शैलाने बोलणी केली आणि महिन्याभरात पुण्याला येऊन न्यायचं ठरलं. मी मेव्हण्याच्या संत्र्याच्या बागेत जाऊन झाडं बघत बसलो.

परतताना अमरावतीत नवा अल्टरनेटर घेतला. अकोल्यापर्यंत शैलाने तो खोका मांडीवर धरला होता. गफ्फारभाईंनी “कशाले आनलं?” म्हणत घेतला. त्यांची बायको चहा घेऊन आली. बहिणीकडे जाणं झालं का, असं शैलाने तिला विचारलं.

“गेले ना. पन भाचीले पाहाले पाव्हने आले होते त्या दिवशी, सांच्याले (संध्याकाळी). हे पोचले तवा पाव्हने निघून गेले होते. बाप नाई तिले, तर मामानंच बैठकीत बसावं लागते.”

गफ्फारभाईंनी आम्हाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ते हसले. “लगन जमलं न पन. मी नव्हतो म्हनूनच जमलं असन. चहा घ्या, थंडा होते.”

शैलाने चहा घेतला. निघताना तिने मोर्शीहून आणलेली संत्र्यांची गोणी उतरवून भाभींच्या ओट्यावर ठेवली आणि त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

बाळापूर आलं. मग तिने भावाला फोन लावला. व्यापाऱ्यांना नाही म्हणून सांग, म्हणाली. पलीकडून काहून (का) असं विचारलं असावं.

“काहून काय? या गाडीपायी एक मामा आपल्या बिनबापाच्या भाचीजवळ बसला नाई. अन् मी इकू तिले?”

तिने फोन ठेवला. मी गाडी बाजूला घेऊन डोळे पुसले. तिने पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.