मशालीचा उजेड आणि येलहंक्याचं घर

“मी अदृश्य झाले तेव्हा मशालही अदृश्य झाली ना? मग तिचा उजेड कुठून आला?” श्वेताचा आवाज बंद दारातून थेट स्वयंपाकघरात पोचला.

“मशाल झाली. उजेड नाही झाला,” तनय म्हणाला. “पहारेकऱ्यांना तो दिसला आणि तू पकडली गेलीस. संपलं.”

“संपलं कसं? मंत्र म्हणायच्या आधीपासून मशाल माझ्या हातात होती! अंगावरचं, हातातलं सगळं आपल्याबरोबर नाहीसं होतं, असं तूच सांगितलंस.”

थालीपीठ थापता थापता प्रतिमाचा हात थांबला. कसली मशाल आणि कुठले पहारेकरी, तिला काही कळेना. कळलं ते एवढंच, की सून भांडत होती. लग्नाला आठ महिने झाले, त्यात पहिल्यांदाच.

प्रतिमा मूळची निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरूला, यशवंतपूरच्या या घरात आली त्याला तीस वर्षं होत आली होती. माणसं ओळखायची तिची कसोटी एकच: भांडतं ते आपलं. भाजीवाल्या अक्काशी ती कोथिंबिरीवरून रोज भांडे आणि अक्का आली नाही तर काळजी करे. नवऱ्याशी, रत्नाकरशी, तर मिठापासून मतदानापर्यंत कशावरूनही जुंपायची. तिला धास्ती होती ती गप्प माणसांची. तिची जाऊ अहल्या या घरात चार वर्षं ‘हो’ला ‘हो’ करत राहिली आणि एका सकाळी तिचं सामान न्यायला दारात टेम्पो उभा राहिला. तेव्हापासून दोघे भाऊ भेटतात ते लग्नाकार्यात.

श्वेता पुण्याची, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करणारी. आमटी अळणी झाली तरी तिचं आपलं “छान झालीय, आई.” त्यात गेल्या आठवड्यात तनय फोनवर बोलताना ऐकू आला होता, “येलहंक्याचं घर? चालेल, हॉल तेवढा मोठा हवा.” तेव्हापासून गल्लीत टेम्पो वाजला, की प्रतिमा खिडकीशी धावे.

तिने पिठाच्या हातांनीच दार ढकललं. पलंगावर चौकटी आखलेले कागद होते आणि पुष्कळ बाजूंचे रंगीत फासे.

“सॉरी आई,” श्वेताचा आवाज लगेच खाली आला. “फार मोठ्याने बोलले का मी?”

“सॉरी कसलं? भांड की! कोण पकडलं गेलंय?”

तनयने सांगितलं. हा गोष्टीचा खेळ होता. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. गोष्ट तनयची होती आणि श्वेता चोर होती. मंत्र म्हणून ती अदृश्य झाली आणि राजाची पेटी उचलून पळाली. “पण पेटी उचलली मंत्रानंतर. म्हणजे ती हवेत तरंगताना दिसणारच.”

“मी अंगरख्याच्या आत घातली होती!”

“तसं म्हणाली नव्हतीस.”

“बाई माणूस चोरीची पेटी मिरवत नेईल का रे?” प्रतिमा म्हणाली. “खोचलीच असणार. पेटी दिसली नाही. आता मशालीचं बोला.”

तिने हात पुसून कपाटावरची बॅटरी घेतली, दोघांना कोठीच्या अंधारात नेलं आणि पदराखाली बॅटरी पेटवली. समोरचे डाळींचे डबे पिवळे दिसू लागले.

“बॅटरी दिसते?”

“नाही.”

“आणि डबे?”

“डबे दिसतात,” तनय खुशीत म्हणाला.

“ही लबाडी आहे, आई!” श्वेता उसळली. “पदर म्हणजे काय मंत्र आहे? पदरातून उजेड गळतो. मशालच नाहीशी झाल्यावर उजेड कशाला राहील?”

मनातून प्रतिमाला साखर वाटावीशी वाटली. सून चक्क तिच्या तोंडावर ‘लबाडी’ म्हणाली होती.

“उजेडच गेला असता, तर तुला तरी वाट कशी दिसली असती गं? उंबऱ्यालाच ठेचकाळली असतीस.”

श्वेता हसली. “हे पटलं. मग तनय, मी मशाल विझवते आणि भिंत धरून चाचपडत जाते. आता पकड बघू!”

प्रतिमाने बॅटरी बंद केली. अंधारात विचारणं सोपं होतं. “येलहंक्याला वेगळं राहायला घर बघताय?”

“तुला कोणी सांगितलं?” तनय दचकला.

“फोन हॉलमध्ये आहे आणि तू काही अदृश्य नव्हतास.”

“अहो आई, ते राहायला नाही!” श्वेताने तिचा हात धरला. “आम्ही दर रविवारी येलहंक्याच्या मित्राकडे खेळतो, तो अमेरिकेला चाललाय. म्हणून चौघांत मिळून जागा बघतोय, फक्त रविवारी खेळायला. इथे एवढा आरडाओरडा कसा करायचा? टेबलावर बाबांचा पेपर असतो.”

प्रतिमा तांदळाच्या पोत्यावर बसली. आठवडाभर छातीवर ठेवलेला वरवंटा कोणीतरी उचलून नेल्यासारखं झालं तिला. तिला हसू यायला लागलं आणि आवरेना. दोघं काळजीने बघत राहिली.

“अगं ए, थालीपीठ!” रत्नाकर हॉलमधून ओरडले. “स्वल्प लवकर!”

“सरी, सरी, आले,” असं कानडीतून ‘बरं बरं’ म्हणत ती बाहेर आली. जेवणाच्या टेबलावर पसरलेला पेपर तिने गोळा केला, घडी घालून नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पुढच्या रविवारपासून हे टेबल श्वेताचं. तिचे दोस्त इथे येतील, इथेच भांडतील. तुम्ही पेपर पायरीवर वाचायचा. येलहंक्याला कोणी जात नाही.”